उद्यमबागेत बनलेली चाकांची ल्यूज स्लेज: मुलींसाठी घेताना काय बदलून घ्यावं

ल्यूज म्हणजे छोट्या स्लेजवर उताणं झोपून, पाय पुढे करून बर्फाच्या ट्रॅकवरून खाली सुटायची शर्यत. त्यासाठी कृत्रिम बर्फाचा ट्रॅक भारतात एकही नाही. सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेल्या शिवा केशवन यांनीही हिमालयातल्या घाटरस्त्यांवर चाकांची स्लेज पळवून सराव केला. महिलांची एकेरी 1964 पासून आहे, 2026 ला महिला दुहेरीही आली. त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या स्केटिंग करणाऱ्या मुलींनी या खेळाकडे जरूर बघावं, आणि त्यासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याची ही स्लेज घेण्यासारखी आहे. मात्र जशी मिळते तशी नको.

काम चोख आहे. 25 मिमीचा चौकोनी पाइप, वेल्डिंग कुठेच कच्चं नाही, सपाट फरशीवर ठेवली तर चारही चाकं सारखी टेकतात. चाकं 80 मिमीची पीयू (पॉलियुरेथेन), आत 608 बेअरिंग. दोन्ही स्केटिंगच्या दुकानात मिळतात. फायबरच्या पॉडच्या, म्हणजे पाठ टेकायच्या खोलगट बैठकीच्या, कडा नीट घासल्यात, दंडाला लागत नाहीत.

खोट आहे ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या रबरी बुशात, म्हणजे दाब आला की अ‍ॅक्सलला वळू देणाऱ्या कड्यांत. ल्यूजला स्टिअरिंग नसतं. उजव्या पोटरीने उजवा कुफेन (स्लेजखालच्या धावेचं वर वळलेलं पुढचं टोक) आत दाबला की स्लेज डावीकडे वळते. इथे बुश 95ए कडकपणाचे घातलेत (आकडा मोठा तितका बुश कडक), ते ऐंशी किलोच्या गड्याला ठीक. 45-50 किलोच्या मुलीने कितीही दाबलं तरी अ‍ॅक्सल हलत नाही. मग ती मान उचलते, पाय घासते आणि वळणावर स्लेज उलटते. जाकिटात शिसं भरून हे सुटत नाही. स्पर्धेत हलक्या खेळाडूला नियमात बसेल तेवढं जादा वजन घेता येतं, पण त्याने वेग वाढतो, पोटरीचा जोर नाही.

78ए चे बुश मागा. नट आधी हाताने बसवा, मग पान्याने अर्धा फेराच द्या. मुलीला स्लेजवर झोपवून एक पोटरी दाबायला सांगा. पुढचं टोक बोटभर तरी सरकलं पाहिजे. वेगात थरथर आली तर मागचाच नट पाव फेरा आवळा, पुढच्याला हात लावू नका.

पॉडही उंच माणसाच्या मापाचा आहे. पाच फूट दोन इंचाच्या मुलीचं डोकं कडेवर टेकतं, मान मागे सोडता येत नाही. खांद्यापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं माप देऊनच करून घ्या.

ब्रेक नाही, आणि खऱ्या स्लेजलाही नसतो. तिथे शेवटचा चढ वेग मारतो. म्हणून उतार असा निवडा की खाली चढ असेल, तोही बंद आवारातला. राजहंसगडाच्या रस्त्यावर गाड्या असतात, तिथे नकोच. पावसाळ्यात ओल्या डांबरावर पीयू सरळ घसरतं. आपल्याकडच्या पावसात बेअरिंगला गंजही लवकर धरतो. काढून पेट्रोलने धुवा, वाळवा, मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडा.

एक गोष्ट या स्लेजवर शिकता येणार नाही. खरा ट्रॅक म्हणजे काँक्रीटची पन्हळ. आतल्या नळ्यांतून अमोनिया फिरतो, वरून पाणी फवारत थरावर थर गोठवतात. त्या बर्फात पोलादी पट्टीची धार रुतते. चाकाला धार नाही. आडवं पडून रेषा धरणं आणि अंग सैल ठेवून वळणं मात्र इथे पक्कं होतं, आणि निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागावर लागतो तिथे तेच आधी लागतं.

ऑर्डर देताना मुलीचं वजन, उंची आणि बुशाचा आकडा कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं तर नेहमीच्या मापाचीच हातात पडते.