हाताने रंगवलेला म्हणून घेतलेला पडदा छापील निघाला

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकासाठी मी गेल्या वर्षी दोन पडद्यांची चित्रे तयार केली होती. एकावर मुठेकाठचा घाट आणि मागे ओंकारेश्वराचे शिखर, तर दुसऱ्यावर वाड्याचा चौक. पडदे प्रत्येकी 30 फूट रुंद आणि 18 फूट उंच व्हायचे होते, आणि एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात मी ती चित्रे 15 बाय 9 इंचांच्या खरबरीत हातकागदावर जलरंगात केली होती. पडदे करून देणाऱ्या कंत्राटदाराने आमची जी फसवणूक केली, ती इतर संस्थांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

घाटाच्या पडद्यावर माझा विशेष जीव होता. पहिला अंक पहाटे सुरू होऊन तिन्हीसांजेला संपतो आणि पडदा मात्र एकच राहतो, म्हणून आकाश सपाट निळे न रंगवता निळा, फिका गुलाबी आणि पिवळी काव यांचे शिंतोडे शेजारीशेजारी द्यावेत, असे मी ठरवले होते. असे आकाश थंड प्रकाशात निळे दिसते आणि दिव्यांवर अंबर जेल, म्हणजे पिवळसर-नारिंगी पारदर्शक रंगीत कागद, चढवले की त्यातली काव उजळू लागते. पडदे रंगवणाऱ्या जुन्या कारागिरांना हे नीट ठाऊक असते, कारण ते रंग डोळ्यांसाठी लावतात तितकेच दिव्यांसाठीही लावतात.

तो कंत्राटदार आम्हाला एका परिचिताकडून मिळाला. बोलणे अतिशय नम्र होते, आणि आपल्या घरात कोल्हापूरच्या पडद्यांची परंपरा असल्याचे तो सांगत असे. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते, हे मी जाणत होतो. त्यामुळे कोल्हापूरचे नाव ऐकताच माझा विश्वास बसला आणि त्याने स्वतः रंगवलेला एकही पडदा प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह मी धरला नाही. चौरस फुटाला 100 रुपये, म्हणजे दोन्ही पडद्यांचे 1,08,000 रुपये ठरले. निम्मे आगाऊ दिले. मांजरपाट, सरसाची खळ आणि पूड रंग वापरण्याचे बोलणे सगळे तोंडी झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने फक्त ‘दोन पडदे, डिझाइनप्रमाणे’ एवढेच लिहिले, आणि मीही ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले.

पुढे तीन आठवडे धायरीच्या गोदामात येऊ का, असे विचारले की जमिनीवर रंग ओला आहे, धूळ बसेल, असे उत्तर येई. त्याने एक छायाचित्र पाठवले, ज्यात एक मुलगा कापडावर वाकून ब्रश चालवत होता. ते पाहून मी आणखी 27,000 रुपये दिले. उरलेले 27,000 पडदे पोहोचले त्या रात्री, गुंडाळी न उलगडताच दिले गेले, कारण दुसऱ्या दिवशी भरत नाट्य मंदिरात रंगीत तालीम होती.

तालमीत पडदा वर चढला आणि पहाटेच्या निळ्या प्रकाशात तो बरा दिसला. सांजेचा प्रकाश येताच मात्र आकाश उजळण्याऐवजी मळकट, राखाडी झाले आणि पडद्यावर एक चकाकी आली. मी जवळ गेलो तेव्हा शिखराच्या बाजूला बोटभर जाडीची एक फिकट, सरळ रेघ दिसली. ती माझी पेन्सिलची रेघ होती! माझेच चित्र स्कॅन करून 24 पट मोठे छापले होते, त्यामुळे हातकागदाचा खरबरीतपणाही फुगून आकाशभर खवल्यांसारखा पसरला होता. झाडांच्या कडांवर आणि पायऱ्यांवर तेवढा ब्रश फिरवलेला होता. छायाचित्रातला मुलगा तेच करत होता. कडेचा धागा काढून जाळला, तर सुताप्रमाणे मऊ राख न होता तो वितळून त्याचा कडक मणी झाला. म्हणजे कापडही मांजरपाट नव्हते. नंतर चौकशी केली तेव्हा अशा छपाईचा दर मला आम्ही मोजलेल्या दराच्या चौथाईहूनही कमी सांगण्यात आला.

कंत्राटदाराचे म्हणणे असे, की डिझाइनप्रमाणे काम झाले आहे आणि ब्रशही लावलेला आहे. त्या एका ओळीपुढे आमची तोंडी बोलणी टिकली नाहीत. वकिलांची नोटीस गेल्यावर त्याने 20,000 रुपये परत केले. बाकी रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याची तयारी चालू आहे. ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, तेव्हा ज्यांचे असे झाले असेल त्यांनी वाट पाहू नये. काम देताना ‘हाताने रंगवलेला, सुती कापडावर’ हे शब्द लिहून घ्यावेत, तीन फुटांचा नमुना आपल्या दिव्यांखाली पाहावा, आणि लहान चित्र मोठे करून उतरवण्यासाठी कापडावर चौकटी आखल्या जातात त्या दिवशी गोदामात हजर राहावे, कारण छापणाऱ्याला चौकटी आखाव्याच लागत नाहीत.

पहिला प्रयोग आम्ही मागे काळा पडदा लावून केला. नंतर रविवार पेठेतून मांजरपाट आणला आणि एका शाळेच्या सभागृहात अकरा रात्री बसून घाट आम्हीच रंगवला. छापील पडदा टाकून दिलेला नाही. पुण्यातल्या ज्या संस्थेला पडदे करून घ्यायचे असतील, तिला तो आणि आमचा पडदा एकाच अंबर दिव्याखाली शेजारीशेजारी टांगून दाखवायला मी केव्हाही तयार आहे.