ताकायामा की मात्सुमोतो? जपानी आल्प्समध्ये मुक्काम कुठे करावा

जपानच्या सहलीत डोंगरासाठी तीन-चार रात्री काढल्या की पुढचा प्रश्न येतो, राहायचं कुठल्या गावात? जपानी आल्प्सच्या उत्तर रांगेच्या पश्चिमेला गिफू प्रांतात ताकायामा आहे आणि पूर्वेला नागानो प्रांतात मात्सुमोतो. दोन्ही गावं सहाशे मीटर उंचीच्या आत-बाहेर, मध्ये तीन हजार मीटरची शिखरं. माझ्या मते याचा निकाल पहिल्यांदा तुमची सुट्टी लावते. आपल्याकडची कुटुंबं बहुधा मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात निघतात, आणि या तिन्ही वेळी हा डोंगर वेगळा असतो.

मे आणि दिवाळीसाठी आधी कामिकोची लक्षात घ्या. या खोऱ्याचा तळच १,५०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम दीडशे मीटर खाली. तिथून होताकाची रांग थेट ३,१९० मीटरपर्यंत चढते. १९१५ साली याकेदाके ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आझुसा नदी अडली आणि ताइशो तळं तयार झालं. त्या तळ्यापासून काप्पा पुलापर्यंतची वाट तासाभराची आणि जवळजवळ सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांनाही जमेल. खासगी गाड्यांना आत बंदी आहे, त्यामुळे कानावर नदीचाच आवाज येतो. मेच्या सुरुवातीला शिखरांवर भरपूर बर्फ असतं. ऑक्टोबरच्या शेवटी सूचिपर्णी कारामात्सुची झाडं सोनेरी होतात, म्हणून दिवाळी लवकर आली असेल तर ती संधी सोडू नका. मात्र १५ नोव्हेंबरनंतर खोरं बंद होतं, ते एप्रिलच्या मध्यानंतरच उघडतं.

कामिकोचीसाठी मात्सुमोतोच हवं, असा समज सर्रास आढळतो. तो पूर्ण खरा नाही. मात्सुमोतोहून अर्धा तास रेल्वेने शिन-शिमाशिमा स्टेशन आणि पुढे तासाभराहून जास्त बस. ताकायामाहून हिरायु ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावापर्यंत तासभर बस, तिथे बदलून आणखी अर्धा तास. वेळेत फरक नगण्य, म्हणून तुलना उरलेल्या गोष्टींवर करावी लागते.

ताकायामाचं वैभव लाकडात आहे. प्राचीन काळी इथल्या, म्हणजे हिदा प्रदेशातून राजधानीकडे कर म्हणून धान्य-कापडाऐवजी सुतार पाठवले जात. त्या हातांचा वारसा सान्माची भागातल्या घरांत आजही दिसतो. मियागावा नदीकाठी सकाळचा बाजार भरतो. १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला इथला रथोत्सव असतो, तेव्हा खोली फार आधी धरून ठेवावी लागते. इथून शिराकावा-गो हे जुन्या घरांचं गाव बसने पन्नास मिनिटांवर आहे. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी तिथली गवती छपरं, युनेस्कोच्या यादीत १९९५ पासून. शिनहोताकाचा रोपवे तुम्हाला २,१५६ मीटरवर नेऊन सोडतो, तो हिवाळ्यातही चालू असतो. म्हणून नाताळात निघणाऱ्यांना मी ताकायामाच सांगेन, दुसरा विचारच नको. एक उणीव मात्र आहे. जुन्या गल्ल्यांतली दुकानं पाचच्या सुमारास मिटतात आणि संध्याकाळ सुनी होते.

मात्सुमोतो हे नांदतं शहर आहे. काळ्या किल्ल्याचा सोळाव्या शतकाच्या अखेरीचा बुरूज मूळ लाकडासकट उभा आहे आणि त्यामागे बर्फाची रांग दिसते. आतले जिने मात्र काही ठिकाणी ६१ अंशांत चढतात, तेही बूट काढून. ज्येष्ठांनी बाहेरून, खंदकाच्या काठावरून पाहावा, देखावा तिथूनच सुंदर आहे. प्रसिद्ध चित्रकार यायोई कुसामा इथल्याच, शहराच्या कलासंग्रहालयात त्यांची कामं आहेत. चालण्याची आवड असेल तर मात्सुमोतोचं पारडं जड होतं, कारण किसो खोरं इथून जवळ. मागोमे ते त्सुमागो ही नाकासेंदो या जुन्या राजरस्त्याची आठ किलोमीटरची वाट तीन तासांत होते, झाडीतून आणि वस्त्यांतून. वाटेत अस्वलांना सावध करायला घंटा टांगलेल्या आहेत, त्या खरंच वाजवा.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे काळजी घ्यावी लागेल. सूप, सोबा नूडल्सची चटणी, उकडलेली भाजी, सगळ्यांत दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी असू शकतं. ताकायामात तर गोमांसाचा बोलबाला आहे. मात्सुमोतोकडे ओयाकी मिळतात, कणकेच्या पारीत लाल भोपळा, पालेभाजी किंवा गोड चवळीवर्गी आझुकीचं सारण. भाजीच्या सारणात काय आहे ते विचारून घ्या. र्‍योकानात, म्हणजे पारंपरिक जपानी खानावळ-निवासात राहणार असाल तर आहार आरक्षण करतानाच कळवा, ऐनवेळी जेवण बदलत नाही. आणि वाफाळता भात सगळीकडे मिळतो, तेव्हा मेतकुटाची डबी बॅगेत असू द्या.

पैशांचं म्हणाल तर देशभराचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. एवढ्या सहलीसाठी तो घेण्याआधी सुटी तिकिटं मोजून बघा.

चार रात्री असतील तर मी दोन्ही गावं घेईन: नागोयाहून ‘हिदा’ एक्स्प्रेसने अडीच तासांच्या आत ताकायामा, दोन रात्रींनंतर बसने हिरायुमार्गे मात्सुमोतो, शेवटी ‘आझुसा’ एक्स्प्रेसने टोकियोतलं शिंजुकू. मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोहोचवणाऱ्या कुरिअर सेवेने, पुढच्या हॉटेलला आदल्या दिवशीच रवाना करा, म्हणजे हिरायुला उतरून कामिकोची मोकळ्या हातांनी बघता येईल.