स्टॉर्मसाठी कोणते इंजिन: इस्टीमचे की स्विफ्टचे?

सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी ज्यांनी हौसेने सांभाळली आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न एक ना एक दिवस उभा राहतोच. १९९८च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागलेल्या या गाडीत रेनोचे १,१४९ सीसीचे, साधारण ६० अश्वशक्तीचे इंजिन आहे. इंजिन गुणी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याचा एखादा सेन्सर गेला की तो मिळेपर्यंत गाडी शेडमध्ये शोभेला बसते, आणि माझी गाडी अशी लागोपाठ दोन पावसाळे बसली. मूळ इंजिनच दुरुस्त करून वापरण्याचा मार्ग सर्वांत सरळ आहे, आणि ज्यांना सुट्या भागांची वाट पाहणे जमते त्यांनी तोच धरावा. मला ते जमले नाही.

इंजिन बदलायचे ठरले की आपल्याकडे जुन्या बाजारात हात घातल्यावर बहुधा दोनच पर्याय हाती लागतात. एक म्हणजे मारुती इस्टीमचे १,२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे जी१३बीबी, आणि दुसरे स्विफ्ट व रिट्झमधील १,१९७ सीसीचे के१२एम. दोन्हींची कागदावरची ताकद ८५ अश्वशक्तीच्या आसपास आहे, त्यामुळे त्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी आधी के१२एम विकत घेतले, अकरा आठवडे त्याच्याशी झुंजलो, ते विकले आणि मग जी१३बीबी बसवले. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते अगदी तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

त्याआधी कायद्याचे दोन शब्द सांगणे भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर मर्यादा आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या मर्यादा अधिक स्पष्ट केल्या आहेत. आरसी बुकावरचा इंजिन क्रमांक एक आणि बॉनेटखालचा दुसरा असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी असते. माझी गाडी ऑटोक्रॉसच्या, म्हणजे शंकू मांडून आखलेल्या वळणांवरच्या शर्यतीच्या, बंद मैदानावर आणि भावाच्या शेतातील खासगी रस्त्यावरच चालते, मैदानापर्यंत ती कॅरिअरवरून जाते, आणि रेनोचे मूळ इंजिन तेल भरून, तोंडे बंद करून शेडमध्ये जपून ठेवलेले आहे. ज्यांना ती एमएच-१३च्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या, पाटीसह रस्त्यावर फिरवायची आहे, त्यांनी पाना हातात घेण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी आणि नकार मिळाला तर तो मानावा.

आता स्विफ्टच्या इंजिनाकडे वळतो, कारण त्याचे गुण आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. त्याला टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. म्हणजे जुन्या मालकाने बेल्ट कधी बदलला होता, या प्रश्नाने रात्री झोप उडत नाही. ते अधिक नवे असल्यामुळे चांगल्या अवस्थेत मिळते, पेट्रोल कमी पिते आणि वरच्या आरपीएमकडे फार गोड आवाजात चढते. आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही: स्विफ्टच्या गिअरबॉक्सला गिअर बदलण्यासाठी केबल आहेत. केबल आपल्याला हवी तशी वळवून नेता येते, तर इस्टीमला लोखंडी रॉडची जोडणी आहे आणि तो रॉड परक्या गाडीत जिथून जायला हवा तिथे नेमके काहीतरी आडवे येते. केवळ यांत्रिक काम पाहिले, तर स्विफ्टचे इंजिन स्टॉर्ममध्ये बसवणे थोडे सोपेच आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मग अडले कुठे? किल्लीपाशी.

मी ते इंजिन गिअरबॉक्स, ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) आणि वायरिंगसह घेतले होते. वायरिंग म्हणजे काय, तर डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला कोणीतरी कटर चालवून मोकळी केलेली एक मोळी होती. तिच्या एका टोकाला इंजिनाचे कनेक्टर शाबूत होते आणि दुसऱ्या टोकाला बोटभर लांबीची रंगीत टोके लोंबत होती. मापे घेत, कागदावर रंग लिहीत, तीन रविवार घालवून मी ती मोळी जोडली. इंजिन लाकडी फळ्यांवर शेडमध्येच ठेवले होते, पेट्रोलसाठी डबा आणि पंप, बाजूला बॅटरी. पुतण्याने सेल्फ मारला. स्टार्टर छान फिरला, पण इंजिन लागले नाही. प्लग कोरडे होते आणि त्यांना ठिणगीही नव्हती. मीटरवरचा किल्लीचे चित्र असलेला दिवा तेवढा लुकलुकत होता, आणि आम्ही दोघे अर्धा तास पेट्रोल पंपाला दोष देत होतो.

ज्यांना हा प्रकार माहीत आहे ते हसतील. मारुतीच्या या गाड्यांमध्ये आयकॅट्स नावाची चोरीविरोधी यंत्रणा असते. किल्लीच्या डोक्यात एक चिप बसवलेली असते, इग्निशनच्या कुलपाभोवतीचे कडे तिचा संकेत वाचते, आणि तो संकेत ईसीएमच्या स्मृतीतील संकेताशी जुळला तरच पेट्रोल आणि ठिणगी मिळते. थोडक्यात, किल्ली, ती वाचणारे उपकरण आणि ईसीएम हा एकत्र कुटुंबाचा मामला आहे. त्यातला एकटा ईसीएम घरी आणून काही उपयोग नाही. मी विक्रेत्याकडे परत गेलो, तर तो म्हणाला, "किल्ली कशाला पायजे मालक, इंजिन तर फिरतंय की!" त्याच्या दृष्टीने तो खरेच बोलत होता. गाडीचा सांगाडा वजनावर गेला होता आणि किल्ली त्याच्याबरोबर.

ईसीएमच्या स्मृतीतून ही अट पुसून देणारे कारागीर आहेत. मी तो पुण्याला एकाकडे पाठवला, आठ दिवसांनी तो कुरिअरने परत आला आणि दिवा पूर्वीसारखाच लुकलुकत राहिला. दुसऱ्यांदा पाठवण्याआधी त्याने फोनवर सांगितले की स्मृती बिघडली तर जबाबदारी माझी. दुसरा ईसीएम घेतला असता तरी त्याच्याही किल्लीचा शोध आलाच असता. बाजारात मिळणारा स्वतंत्र, आपणच प्रोग्रॅम करावा असा ईसीएम बसवला तर ही सगळी भानगड मिटते, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत इंजिनाच्या किमतीच्या वर जाते आणि तो ट्यून करायला सोलापुरात निदान मला तरी कोणी सापडले नाही. ज्या दिवशी माझ्या लक्षात आले की इंजिन सुरू करण्यासाठी मी अभियांत्रिकी सोडून लॉटरी खेळतो आहे, त्या दिवशी माझा निर्णय झाला.

इस्टीमचे जे इंजिन पुढे मिळाले, ते सुरुवातीच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीतले होते आणि त्या गाडीला चिपची किल्ली नव्हती. शिवाय या वेळी मी शहाणा झालो होतो. इंजिन गाडीतून उतरवताना मी स्वतः हजर राहिलो, वायरिंग डॅशबोर्डपासून अखंड काढून घेतले आणि प्रत्येक कनेक्टरला कापडी पट्टी बांधून तिच्यावर नाव लिहिले. फळ्यांवर ठेवलेले ते इंजिन दुसऱ्याच सेल्फला लागले. त्याचा ईसीएम आजच्या मानाने अगदी बाळबोध आहे, पण त्या बाळबोधपणाचाच मला फायदा झाला: निदानाची एक वायर अर्थला जोडली की इंजिनाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोषाचा क्रमांक सांगतो. एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे बारा, म्हणजे सर्व ठीक. स्कॅनर नको, लॅपटॉप नको, पुण्याला कुरिअर नको.

म्हणून इस्टीमचे इंजिन निर्दोष आहे असे मात्र नव्हे. इस्टीमचे उत्पादन २००७ पर्यंतच चालले, त्यामुळे जे इंजिन हाती येईल ते वयस्कर असणार हे धरूनच चालावे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावे, आणि त्यांच्यात दर चौरस सेंटिमीटरला एका किलोहून अधिक फरक असेल तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी परतावे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप इंजिन बाहेर असतानाच बदलावेत; बसवल्यानंतर त्या बाजूला हात जायला जागा राहत नाही. माझ्या इंजिनातून व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने तेल पाझरत होते आणि दुसरे पॅकिंग टाकूनही ते पूर्ण थांबलेले नाही. सुट्या भागांची चिंता मात्र मला वाटत नाही, कारण याच घराण्याचे इंजिन जिप्सीतही वर्षानुवर्षे होते. फक्त जिप्सीचे इंजिन तसेच्या तसे आणू नये; तिथे ते गाडीत उभे बसते, त्यामुळे गिअरबॉक्स आणि भोवतीचे बरेच भाग आपल्या आडव्या मांडणीला चालत नाहीत.

ॲक्सलचे काम दोन्ही इंजिनांना सारखेच आहे, म्हणून त्यावर निवड ठरत नाही, पण वेळ सर्वांत जास्त तेच खाते. आतला जॉइंट सुझुकीचा, बाहेरचा स्टॉर्मचा, आणि मधला शाफ्ट आपण करून घ्यायचा. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे शाफ्ट करणारे एक अण्णा आहेत, त्यांच्यापुढे दोन्ही जॉइंट ठेवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "मालक, हा कुठल्या मागाचा शाफ्ट?" जुने दोन तुकडे वेल्डिंग करून जोडण्याचा स्वस्त उपाय मी सुचवला, त्याला त्यांनी ठाम नकार दिला आणि ईएन२४ पोलादातून अखंड शाफ्ट काढून, त्याच्या टोकांना जॉइंटमध्ये बसणाऱ्या खाचा (स्प्लाइन) पाडून, कडकपणासाठी पाणी देऊन दिला. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात असले लेथकाम करणारे हात अजून आहेत, हे घरी इंजिन बदलणाऱ्याचे मोठे भाग्य आहे. इंजिनाची फाउंडेशन रबरे मी सुझुकीचीच ठेवली आणि त्यांच्यासाठी जाड पत्र्याचे ब्रॅकेट करून घेतले. इंजिन उचलण्याची चेन कप्पी मात्र कोणी पत्र्याच्या शेडच्या अँगलला टांगू नये. तिपाई भाड्याने मिळते.

उष्णतेचा विचार आपल्या भागात वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे जातो तेव्हा ऑटोक्रॉसच्या रांगेत पाळी येईपर्यंत गाडी उभी असते, वारा लागत नाही आणि बॉनेटखाली भट्टी होते. जी१३बीबीचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. एकदा जास्त तापले की हेड गॅस्केट जाते आणि हेड वाकले तर खर्च वाढतो. मी इस्टीमचाच रेडिएटर घेतला, पंखा थेट चालू करण्यासाठी डॅशबोर्डवर एक वेगळे बटण बसवले आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा अनेकांनी दिलेला सल्ला ऐकला नाही. गेल्या उन्हाळ्यात काटा एकदाही लाल रेषेला टेकला नाही. के१२एम या बाबतीत कसे वागले असते हे मी सांगू शकत नाही, कारण ते माझ्याकडे कधी तापण्याइतके चाललेच नाही.

चालवण्यातला फरक सांगताना थोडा संकोच वाटतो. मित्राच्या स्विफ्टमध्ये बसून आणि माझ्या गाडीत बसून केलेली ही तुलना आहे, आणि दोन्ही गाड्यांच्या वजनात जमीनअस्मानाचा फरक आहे. तरी स्विफ्टचे इंजिन अधिक सुसंस्कृत वाटते, हे मान्य केले पाहिजे. इस्टीमचे इंजिन थोडे खरखरते, पण शंकूंच्या मधून गाडी वळवून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की ते लगेच उत्तर देते, आणि तशा हलक्या गाडीला मला तेच हवे होते.

स्विफ्टचे इंजिन घ्यावे अशी एक परिस्थिती मला दिसते. अपघातात मोडलेली पण चालू अवस्थेतली अख्खी गाडी जर कोणाला मिळाली, किल्ली इग्निशनमध्ये लटकलेली असेल आणि वायरिंगला अजून कोणी कटर लावलेला नसेल, तर ते जरूर घ्यावे. तसे असते तर कदाचित मीही दुसऱ्या बाजूने लिहिले असते. त्यातून ईसीएम, किल्ली आणि कुलपाभोवतीचे कडे एकाच पिशवीत काढून ठेवावे आणि गाडीचे बाकीचे काम नंतर करावे. केबलच्या गिअरचे सुख त्यांना मिळेल. माझ्या गाडीत रॉडला जोडलेल्या बुशामध्ये अजून थोडा खेळ आहे, तिसरा गिअर शोधताना हात किंचित उजवीकडे न्यावा लागतो, आणि अण्णांनी त्यासाठी पितळेचा नवा बुश करून ठेवला आहे. तो या रविवारी बसवायचा आहे.