श्यामची आई, धग की बारोमास: रडवणारं पुस्तक निवडताना

गहू-हरभरा घरात आला, कापूस विकून झाला किंवा भाव वाढेल या आशेवर घरातच रचून ठेवला, की आपल्याकडच्या, वऱ्हाडातल्या खेड्यांत वाचायला थोडी उसंत मिळते. रोहिणी लागलं की पुन्हा बियाणं आणि खत. या मधल्या दिवसांत गावच्या वाचनालयात एक मागणी हमखास येते, आणि ती करणाऱ्या बहुतेक बायाच असतात: ‘डोळ्यात पाणी येईन असं काही द्या.’ ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी यादीतल्या सगळ्यांत लहान वाचनालयाचं अनुदान ते केवढं! त्यात एखादंच नवं पुस्तक घ्यायचं असेल, तर माझ्या मते खरी निवड तीन पुस्तकांत आहे. ‘श्यामची आई’, ‘धग’ आणि ‘बारोमास’. तिन्ही रडवतात, पण एकाच माणसाला नाही आणि एकाच जागी नाही.

‘श्यामची आई’ सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते वाचलेलं आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाठ्यपुस्तकात आलेला एखादा धडा तेवढा वाचलेला असतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्याचा मोठा भाग लिहून काढला आणि पुस्तक १९३५ मध्ये निघालं. रोज रात्री एक गोष्ट, अशी त्याची मांडणी असल्यानं मोठ्यानं वाचायला याच्यासारखं दुसरं नाही. एकीनं वाचावं आणि बाकीच्यांनी तूर निवडत ऐकावं. एक रात्र संपते तिथं थांबता येतं, दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही तरी फार अडत नाही.

मुलांना संस्कार म्हणून देतात ती प्रकरणं बाजूला ठेवा. आपल्या भागातल्या माणसाचा गळा दाटतो तो कर्जाच्या प्रकरणांत. सावकाराचा माणूस वसुलीला दारात बसतो, घराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते आणि आई आतल्या आत खचत जाते. ‘अब्रूचे धिंडवडे’ हे प्रकरण यवतमाळकडच्या कोणत्याही गावात वाचून बघा. श्यामचं गाव पालगड कोकणातलं, नारळी-पोफळीचं, आपलं काळ्या मातीचं. तरी दारातला तो माणूस ऐकणाऱ्यांनी पाहिलेला असतो. शेवटी आजारी आईच्या उशापायथ्याशी घुटमळणारी मथी मांजर आली की वाचणारीचाच आवाज थांबतो.

उणी बाजूही सांगतो. उपदेश बराच आहे. नववी-दहावीतल्या पोरांना तो टोचतो आणि आई इतकी चांगली कशी, ही त्यांची शंका काही चुकीची नाही. मात्र हे रडणं मोकळं करणारं आहे. वाचून झाल्यावर माणूस हलका होऊन जेवायला बसतो.

‘धग’चं तसं नाही. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची. लेखक हिंगणघाटचे आणि माणसं बोलतात ती अस्सल वऱ्हाडी. शिंप्याच्या घरातली कौतिक, काम टाळणारा नवरा महादेव, पोरं, आणि संसार उभा करायची तिची एकटीची धडपड. एक बाजू सावरली की दुसरी ढासळते. लेखक कुठंही ‘बघा, किती दुःख’ असं म्हणत नाही आणि म्हणूनच ते जास्त लागतं. श्यामच्या आईला निदान आठवण काढणारा मुलगा आहे, तिच्या प्रत्येक कष्टाला त्यानं अर्थ दिलाय. कौतिकच्या कष्टांना असा अर्थ देणारं कोणी नाही. तिचं ती निभावते, चिडते, टाकून बोलते, पुन्हा कामाला लागते. आपल्या आत्या-मावश्या अशाच असतात, देवीसारख्या नसतात.

त्यामुळं बायांना स्वतःसाठी पुस्तक हवं असेल तर मी आधी ‘धग’ काढून देतो. नुसती बोली ऐकूनच अर्ध्या जणी हसतात, पुढं गप्प होतात. मोठ्यानं वाचायला मात्र वऱ्हाडी जिभेचंच कोणीतरी हवं. पुस्तकी उच्चारात ‘धग’ वाचणं म्हणजे ज्वारीची भाकर काट्या-चमच्यानं खाणं. वाचनात खंडही नको. आठ दिवस मध्ये गेले तर ताण सुटतो.

‘बारोमास’ वेगळ्या कारणानं जपून द्यावं लागतं. सदानंद देशमुख बुलडाणा जिल्ह्यातले. कादंबरी २००२ ची आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. शिकलेला एकनाथ, नोकरीसाठी शिक्षणसंस्थेला द्यायला पैसा नाही, शेती परवडत नाही, शहरी वळणाच्या बायकोला गावात करमत नाही आणि बापाशी रोज खटके. पंचवीस-तीस वर्षांच्या, डी.एड.-बी.एड. करून वखर धरलेल्या पोराला हे पुस्तक द्या. ‘श्यामची आई’ला जांभया देणारा हा पोरगा इथं रात्रभर जागतो. तो रडेल असं नाही, बहुतेक संतापेल. पाणी येतं ते घरातल्या म्हाताऱ्यांच्या पानांवर. पुस्तक जाड आहे, तपशील भरपूर. सामूहिक वाचनाला नाही, एकट्यानंच वाचायचं.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो. ज्या घरात कर्जापायी कोणी जीव दिलाय, त्या घरात हे पुस्तक आपणहून नेऊन देऊ नका. १९ मार्चला आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या आठवणीत अन्नत्याग केला जातो, तेव्हा ‘बारोमास’मधला उतारा वाचावा असं एखाद्याला सुचतं. समोर कोण बसलंय ते आधी बघा. त्यांनी स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. ‘धग’ जुन्या काळाची असल्यानं तिच्यात तेवढं अंतर राहतं, ‘बारोमास’मध्ये ते उरतच नाही.

‘पाचोळा’चं नाव न घेतल्याबद्दल कोणी भांडेल. रा. रं. बोराडे यांची १९७१ ची ही कादंबरी मराठवाड्यातली, तीही शिंप्याच्याच घरातली, बायकोच्या तोंडून सांगितलेली. लहान आहे, दोन बैठकींत होते आणि चटका लावते. ज्याला मोठं पुस्तक पेलत नाही त्याला ‘धग’ऐवजी ही चालेल. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तलं मनीच्या, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मरणाचं प्रकरण सुन्न करतं, पण तेवढ्यासाठी आख्खी ‘कोसला’ कोणाच्या गळ्यात मारू नये. झाडीपट्टीवाल्यांना, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकांना यातलं काही सांगायची सोय नाही. दिवाळीनंतर गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपन्या त्यांना मंडपात रात्रभर रडवतात, आणि वऱ्हाडी बोली त्यांच्या कानाला थोडी परकीच.

खर्चाचं बघाल तर ‘श्यामची आई’ सगळ्यांत स्वस्त. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, साठ वर्षांनी लेखनाचा हक्क संपला आणि तेव्हापासून पुष्कळ प्रकाशक ते छापतात. घेताना ‘संक्षिप्त’ किंवा ‘मुलांसाठी’ असं काही लिहिलेलं नाही ना, एवढं तपासा. कर्जाच्या रात्री गाळलेल्या असतील तर पैसे वाया. हे पुस्तक घरात असू द्या आणि वाचनालयाच्या अनुदानातून ‘धग’ मागवा. ‘बारोमास’ तालुक्याच्या ग्रंथालयातून आणवता येतं का ते विचारा, नाही मिळालं तर पुढच्या वर्षीच्या यादीत घाला.