पाम्प्लेमूस की क्युरपीप? मॉरिशसमधली बागेची सकाळ कुठे घालवावी

मॉरिशसच्या सहा-सात दिवसांच्या सहलीत समुद्र, विवरं आणि खरेदी उरकल्यावर बागेसाठी जेमतेम एक सकाळ उरते. बागा मात्र दोन आहेत. एक उत्तरेला पाम्प्लेमूसची, जिचं आजचं नाव सर शिवसागर रामगुलाम वनस्पती उद्यान. दुसरी मधल्या पठारावर, क्युरपीप गावातली. त्यात स्मारकाचाही प्रश्न येतो: देशाचे पहिले पंतप्रधान रामगुलाम यांची समाधी बागेतच आहे, आणि आपल्याकडून गेलेल्या मजुरांचा अप्रवासी घाट पोर्ट लुईच्या बंदरात.

आधी निकाल सांगून टाकू. पहिल्यांदाच जात असाल तर पाम्प्लेमूस, आणि त्याच दिवशी घाट. दुसरी खेप असेल, मुक्काम पठारावर असेल किंवा झाडांचं खरंच वेड असेल, तर क्युरपीप. दोन्ही बागा एकाच दिवसात बसतात, पण त्यासाठी सकाळी साडेआठला पहिल्या बागेच्या फाटकावर हजर असायला हवं.

पाम्प्लेमूस हा पपनसासाठीचा जुना फ्रेंच शब्द. 1730च्या दशकात गव्हर्नर माहे द ला बूर्दोने यानं ही जागा घेतली ती हौसेसाठी नव्हे. बंदरात येणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला पुरवायचा होता. बागेचा नावलौकिक झाला तो पुढे पिएर प्वाव्र या अधिकाऱ्यामुळे. जायफळ आणि लवंग तेव्हा डचांच्या मुठीत होती. ती रोपं त्यानं आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांकडून चोरट्या मार्गानं मिळवली आणि 1770मध्ये ती या बेटावर पोचली. पुढे निकोला सेरे यानं 1775पासून 1810पर्यंत बाग सांभाळली.

तरीही कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला एक सल्ला: मसाल्याच्या झाडांपाशी फार रेंगाळू नका. गाइड दालचिनीचं पान चुरगळून नाकाशी धरतात, युरोपातले पाहुणे हरखतात. तुमच्या परसात जायफळ असेल तर त्या वेळात तळ्याकडे वळा.

तळं म्हणजे व्हिक्टोरिया अमेझोनिका या राक्षसी कमळाचं. काठ वर दुमडलेली, परातीसारखी पानं दोन मीटरपर्यंत पसरतात आणि खालून काटेरी असतात. फूल दोनच दिवसांचं: पहिल्या संध्याकाळी पांढरं आणि सुवासिक उमलतं, सकाळ चढली की मिटतं, दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन उघडतं. म्हणून दुपारी बाराला येणाऱ्या बसभर पर्यटकांना मिटलेल्या कळ्याच दिसतात. फाटक उघडल्या उघडल्या थेट तळं गाठा, बाकी बाग नंतर. ऋतूचाही फरक पडतो. इथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा पानं भरात असतात. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे थंडीकडे झुकणारे दिवस असतात. जून ते सप्टेंबर पानं लहान राहतात, पण हवा कोरडी आणि चालायला सुखाची. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. वादळाची सूचना लागली की बागही बंद आणि बसही बंद, त्यामुळे त्या काळात हा बेत सहलीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नये.

दुसरं पाहण्यासारखं म्हणजे तालिपोट ताड. तो आयुष्यात एकदाच, साधारण 30 ते 80 वर्षांनी, शेंड्यावर प्रचंड फुलोरा धरतो, फळं पिकतात आणि झाड मरतं. आपला भेरली माडही फुलोरे संपले की वाळतो, त्याच जातकुळीचा स्वभाव. एखादा फुलोऱ्यावर सापडला तर नशीब म्हणायचं. आफ्रिकेची गोरखचिंच, अल्दाब्राची राक्षसी कासवं आणि हरणांचं कुंपण मुलांना आवडतं. मोठ्यांना दहा मिनिटं पुरे.

आता चुकतं कुठे ते. बाग सुमारे 37 हेक्टरची, वाटा फाटे फुटत जाणाऱ्या आणि झाडांवरच्या पाट्या अपुऱ्या. नकाशाशिवाय शिरलेली माणसं त्याच ताडांच्या रांगेतून तीनदा फिरतात आणि तळं शेवटी, भर उन्हात गाठतात. गाइड घ्यायचा तर आत पाऊल टाकण्याआधी दर ठरवा, आणि तो माणशी आहे की सगळ्या गटाचा हे स्पष्ट विचारा. वाद होतो तो याच मुद्द्यावर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बॅटरीची गाडी मिळते. तळ्यांमुळे डास भरपूर, मलम लावूनच जा. परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे. मॉरिशसचे रुपये रोख ठेवा. गाडीनं येणारे वाहनतळाच्या बाजूनं आत शिरतात आणि पांढरं नक्षीदार लोखंडी फाटक पाहायचं विसरतात. हे फाटक 1862च्या लंडनच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलेलं, लिएनार नावाच्या भारतात जन्मलेल्या फ्रेंच गृहस्थानं बागेला दिलेलं. त्याच्या नावाचा दगडी स्तंभही आत आहे, त्यावर बेटावर उपयोगी झाडं आणणाऱ्यांची नावं कोरली आहेत.

समाधी आहे ती मों प्लेझीर या जुन्या बंगल्यासमोर. रामगुलाम 15 डिसेंबर 1985 रोजी वारले. त्यांचे वडील बिहारमधून आलेले मजूर. अंत्यसंस्कार बागेतच झाले, अस्थी गंगेत सोडल्या आणि 1988मध्ये बागेला त्यांचं नाव दिलं. जागा साधी आहे. भव्य काही असेल अशा अपेक्षेनं गेलेले दोन मिनिटांत परततात. आसपास परदेशी पाहुण्यांनी लावलेली झाडं आहेत, त्यात इंदिरा गांधींचं आणि नेल्सन मंडेलांचंही.

स्मारक म्हणून तुलना करायची तर अप्रवासी घाट कितीतरी वरचढ, आणि मराठी माणसासाठी तर नक्कीच. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर उतरले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून आले, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांतून कोकणातली, देशावरची माणसं गेली. आजच्या मराठी मॉरिशसकरांचे पूर्वज ते हेच; गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी या देशात आहे ती त्यांच्यामुळे. घाटाच्या इमारती 1849पासूनच्या. त्यातल्या बऱ्याच रस्त्यासाठी पाडल्या गेल्या, उरलेला तुकडा एका एकराहूनही लहान. पण जहाजातून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढली त्या जागच्या जागी आहेत. 2006पासून हा जागतिक वारसा आहे. प्रवेश फुकट. आधी शेजारच्या माहिती केंद्रात तासभर घालवा आणि मग पायऱ्यांकडे जा. उलट क्रमानं गेलात तर समोर नुसत्या भिंती दिसतात. रविवारी बंद, शनिवारी अर्धा दिवस.

जाण्यायेण्याच्या सोयीत पाम्प्लेमूस आणि घाट ही जोडी बसते ती यामुळेच. उत्तरेकडच्या बस पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरवरून सुटतात आणि घाट त्या स्थानकाला लागूनच आहे. बाग तिथून साधारण 11 किलोमीटर, बसनं अर्धा-पाऊण तास. सकाळी बाग, साडेअकरापर्यंत परत, मग घाट. बागेजवळ बो प्लाँच्या जुन्या साखर कारखान्यात साखरेचं संग्रहालयही आहे. ते उत्तम आहे, पण त्याला दोन तास लागतात. ते घेतलंत तर घाट दुसऱ्या दिवशी.

क्युरपीपचा मामला वेगळा. बाग 1870ची, खूप लहान, तिकीट नाही. गावची माणसं सकाळी फेऱ्या मारतात, पर्यटकांच्या बस थांबत नाहीत. उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे किनाऱ्याहून चांगलंच गार आणि पावसाचं काही सांगता येत नाही. किनाऱ्यावर ऊन आहे म्हणून छत्री खोलीवर ठेवून येणारे इथे भिजतात. कासवं नाहीत, मोठी कमळं नाहीत, समाधी नाही. मुलांना घेऊन इथे येऊ नका, कंटाळतील.

मग यायचं कशाला? एका झाडासाठी. आपल्याकडे सोसायट्यांच्या फाटकाशी आणि हॉटेलांच्या अंगणात जो फुगीर बुंध्याचा बॉटल पाम लावतात, तो मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड बेटाचा. त्याचं एक सख्खं भावंड, हायोफोर्ब अमारिकॉलिस, या बागेत उभं आहे. त्या जातीचं जगात माहीत असलेलं हे एकमेव झाड. त्याची नरफुलं आधी उमलून गळतात, मादीफुलं नंतर येतात, त्यामुळे त्याचं त्यालाच बी धरणं अवघड. प्रयोगशाळेत रोपं करून पाहिली, पण ती बाहेर मातीत तगली नाहीत. दिसायला मात्र हा एक साधा, सडपातळ, सांगाड्याच्या आधारानं उभा असलेला ताड आहे. पाटी शोधत बसण्यापेक्षा माळ्यांना विचारा, नाहीतर शेजारून निघून जाल.

पाम्प्लेमूसमधली बहुतेक नावाजलेली झाडं बाहेरून आणलेली; बेटाचं स्वतःचं काय होतं आणि त्यातलं किती उरलं, ते कळायला क्युरपीप बरं. पोर्ट लुईच्या व्हिक्टोरिया स्थानकातून मेट्रो थेट क्युरपीपला जाते, पुढे चालत किंवा टॅक्सीनं. दोन्ही बागा एका दिवसात हव्या असतील तर पाम्प्लेमूस सकाळी, घाटाला एक तास, इमिग्रेशन स्क्वेअरवरून व्हिक्टोरियापर्यंत चालत, आणि तीनच्या आत मेट्रो. क्युरपीपला पाऊण तास पुरतो.