आधी गेस्ट ठरवा, मग व्हर्च्युअलबॉक्स की व्हीएमवेअर ते बघू

व्हर्च्युअल मशीनसाठी (म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकासाठी) कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: आत कोणती सिस्टीम चालवायचीय (तिलाच गेस्ट म्हणतात), आणि तुमच्या खऱ्या संगणकाचा, म्हणजे होस्टचा, प्रोसेसर कोणता? निम्मा निर्णय तिथेच होतो.

ॲपल सिलिकॉनचा (ॲपलच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरचा) मॅक असेल तर पर्याय झपाट्याने कमी होतात. व्हर्च्युअलायझेशनमध्ये प्रोसेसरची जात बदलत नाही, त्यामुळे आत एआरएमचंच गेस्ट हवं. विंडोज ११ची एआरएम आवृत्ती रोज वापरायची असेल, तर मी पॅरलल्स सुचवेन. त्याला पैसे मोजावे लागतात, पण फेब्रुवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला अधिकृत मान्यता दिली आहे. इंटेलसाठीची जुनी सिस्टीम हवीच असेल तर यूटीएम घ्या. त्यातला क्यूएमू हा इम्युलेटर अख्खा प्रोसेसर सॉफ्टवेअरने उभा करतो. चालतं, पण हळू.

इंटेल किंवा एएमडीच्या पीसीवर विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते ७.०पासून आलं. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये त्यासाठी मशीन एन्क्रिप्ट करावी लागते. विंडोजच्याच हायपर-व्हीत जनरेशन २ (नव्या प्रकारचं मशीन; जनरेशन १ म्हणजे जुना प्रकार) निवडून टीपीएमपुढे एक खूण केली की झालं. फक्त विंडोज होममध्ये हायपर-व्ही मिळत नाही.

खरा कस लागतो तो जुन्या विंडोजवर. सिस्टीम बूट होणं वेगळं आणि वापरण्याजोगी चालणं वेगळं, आणि हा फरक पडतो ड्रायव्हरमुळे, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमुळे. एक्सपीच्या इन्स्टॉलरला साटा या नव्या जोडणीची डिस्क दिसतच नाही, म्हणून डिस्क जुन्या आयडीई जोडणीवर जोडा. हायपर-व्हीत एक्सपी आणायचं तर जनरेशन १च घ्यावं लागतं. विंडोज ९८ची तर आणखी पंचाईत: व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये टाकायचे ड्रायव्हर) त्याच्यासाठी कधी निघालेच नाहीत, त्यामुळे पडदा सोळा रंगांत अडकतो. व्हीएमवेअरच्या जुन्या टूल्समध्ये त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर आहे. मेमरी मात्र ५१२ एमबीच्या आत ठेवा, जास्त दिली तर ९८ गडबडतं. जुने खेळ खेळायचे असतील तर हे सगळं सोडा आणि ८६बॉक्स घ्या. तो त्या काळचं मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच हुबेहूब उभं करतो.

लिनक्ससाठी फार डोकं शिणवू नका. यातल्या बहुतेकांचे ड्रायव्हर आजच्या कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहेत.

मॅकओएसची गोष्ट तांत्रिक नाही, परवान्याची आहे: ॲपलच्याच हार्डवेअरवर परवानगी, म्हणून मॅक नसेल तर तो बेत सोडा.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४पासून सगळ्यांना फुकट आहे, तेव्हा पीसीवर जुनं-नवं मिश्रण चालवणाऱ्याला मी तेच सांगतो. व्हर्च्युअलबॉक्सच घेणार असाल तर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं तर होस्टवर हायपर-व्ही चालू आहे आणि गेस्टचा वेग त्यातच जातोय.