टीव्ही ‘ॲक्टिव्हेट’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा

नवीन टीव्हीवर एखादं स्ट्रीमिंग ॲप पहिल्यांदा उघडलं की पडद्यावर एक छोटा कोड येतो आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता असतो. फोनवर तो पत्ता उघडायचा, लॉगिन करून कोड टाकायचा, की टीव्ही आपल्या खात्याला जोडला जातो. वर्गणी असेल तर ती वेगळी, पण या जोडणीला पैसे पडत नाहीत. नेटफ्लिक्स असो, यूट्यूब असो. टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग उपकरणं बनवणाऱ्या रोकू कंपनीने तर ॲक्टिव्हेशनसाठी, म्हणजे या जोडणीसाठी, आम्ही पैसे घेत नाही असं स्वतःच जाहीर केलेलं आहे. माझ्या वडिलांना नेमकं याच पायरीवर लुटलं.

त्यांनी पडद्यावरचा पत्ता फोनमध्ये टाइप केला. मध्ये एक स्पेस पडली, त्यामुळे साइट उघडण्याऐवजी सर्चचे निकाल आले आणि सगळ्यात वर होती ती जाहिरात. पान हुबेहूब खऱ्यासारखं. तोच रंग, तोच लोगो, कोड टाकायला चौकट. कोड टाकल्यावर थोडा वेळ चक्र फिरलं आणि लाल अक्षरांत ‘एरर’ आली, खाली हेल्पलाइन नंबर. मी नंतर त्याच चौकटीत नुसती शून्यं टाकून पाहिली, तरी तीच एरर. त्या पानाचं काम एवढंच, माणसाला फोन करायला लावायचं.

फोनवरचा माणूस अत्यंत अदबीने बोलत होता. “काका, तुमच्या टीव्हीचा आयपी ब्लॉक झालाय, एकदाच फी भरा, कायमचं काम होईल.” मग टीव्ही फोनशी ‘सिंक’ करायला म्हणून एक ॲप घ्यायला लावलं आणि त्यात दिसणारा आकडा वाचून दाखवायला सांगितला. ते ॲप टीव्हीचं नव्हतंच, दुसऱ्याचा फोन लांबून पाहायचं होतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर या जातीची ॲप्स मुळात कामाची आणि अधिकृत असतात, म्हणून ती घेताना फोन सहसा हटकत नाही. वडिलांनी कार्डाचा नंबर भरला, ओटीपी आला, आणि तो त्यांच्याइतकाच त्या माणसालाही दिसत होता. वर सारखं चालू होतं, “फोन ठेवू नका, सिंक तुटेल.” घरात कोणाला विचारायला उसंतच मिळू नये, यासाठी ते बोलणं. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

टीव्हीचं खरं रिमोट ॲप काय करतं? फोनला रिमोट बनवतं, नावं टाइप करायला कीबोर्ड देतं, फोनवरचा व्हिडिओ पडद्यावर पाठवतं. जोडताना फोन आणि टीव्ही बहुधा एकाच वायफायवर लागतात. कोड मागितलाच तर तो टीव्हीवर दिसतो आणि आपण आपल्याच फोनमध्ये टाकतो. फोनवरचा आकडा कुणा माणसाला वाचून दाखवायची वेळ यात येतच नाही. कोडची मुदत काही मिनिटांची असते. ती संपली तर टीव्हीवरून नवा कोड घ्यायचा, तोही फुकट. घरातल्या मोठ्यांचा टीव्ही शक्यतो आपणच जोडून द्या.

असं कुणाच्या बाबतीत घडलंच, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्या. ते ॲप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, ईमेलचा सर्वांत आधी. आमच्याकडे दोन व्यवहार झाले होते. एक बँकेने अडवला, दुसरा गेला तो गेलाच.

काही दिवसांनी वडिलांना पुन्हा फोन आला. आवाज वेगळा, अदब तीच. “तुमची फसवणूक झाली होती ना, पैसे परत द्यायचे आहेत, ते ॲप पुन्हा घ्या.” एकदा फसलेल्यांचे नंबर ही माणसं जपून ठेवतात. बँक पैसे परत करते तेव्हा ते सरळ खात्यात किंवा कार्डावर येतात. त्यासाठी ना ॲप लागतं, ना ओटीपी.